चायनीज करायला गेलं की मोठ्याचं मटण दर वेळी वातड होतं, कढईत पाणी सुटतं: काय चुकतं आणि कसं सुधारायचं

रविवारी दुपारी एकच्या सुमारास बहिणीच्या मुलाचा पुण्याहून फोटो येतो. कढईत राखाडी तुकडे, भोवती तपकिरी पाणी, वर शिमला मिरचीचे मलूल चौकोन. खाली एकच ओळ: "मावशी, परत पाणी सुटलं." असा फोटो पहिल्यांदा आला तेव्हा मला काही विचारावंच लागलं नाही. इथे परभणीत, माझ्या स्वतःच्या कढईत, जवळजवळ दोन वर्षं मी हेच पाहत होते. हॉटेलात दोन मिनिटांत होणारी, मोठ्याच्या म्हणजे म्हशी-रेड्याच्या मांसाची, पातळ कापांची, मऊ आणि खरपूस परतणी घरी केली की उकडलेलं मटण होऊन बसायची. चावता चावता जबडा दुखायचा.

सगळे एकच कारण सांगतात: घरच्या गॅसला आच कमी पडते. हे अर्धंच खरं आहे, आणि या अर्ध्या खऱ्यापायी माणूस वर्षानुवर्षं चुकीच्या जागी दुरुस्ती करत राहतो. माझा अनुभव असा की बिघाड गॅस पेटवण्याच्या आधीच झालेला असतो. मांसाचा तुकडा निवडताना, तो कापताना आणि त्याचं पाणी काढताना.

आच कमी नसते, पाणी जास्त असतं

मांसाला खरपूस रंग आणि वास येतो तो साधारण १४० अंश सेल्सिअसच्या पुढे. कढईत मोकळं पाणी आहे तोवर मांसाचा पृष्ठभाग १०० च्या वर जात नाही, कारण सगळी उष्णता पाण्याची वाफ करण्यातच खर्च होते. जरा हिशोब करून बघा. पाणी उकळायला लागल्यानंतरसुद्धा १०० मिलिलीटर पाण्याची पूर्ण वाफ व्हायला सुमारे २२६ किलोज्यूल उष्णता लागते. घरच्या गॅसचा मोठा बर्नर साधारण अडीच-तीन किलोवॅटचा असतो. त्यातली जेमतेम दोन किलोवॅट कढईपर्यंत पोचते, बाकीची बाजूने निघून जाते. म्हणजे अर्धी वाटी पाणी आटवायला दोन मिनिटं. आणि पातळ कापलेलं मांस तर एका मिनिटात शिजतं! पाणी आटेपर्यंत ते शिजून, आकसून, आतला रस बाहेर टाकून मोकळं झालेलं असतं. तो रस पुन्हा पाण्यात भर घालतो.

गाड्यावरच्या भट्टीची आच घरच्या गॅसच्या कितीतरी पट असते. सुटलेलं पाणी तिथे सुटल्या क्षणीच उडून जातं, म्हणून त्यांच्या चुका झाकल्या जातात. आपल्या झाकल्या जात नाहीत. (कुणी तरी सल्ला देतंच, की तसला हाय प्रेशर बर्नर घरी आणा. घरच्या १४.२ किलोच्या सिलिंडरला आणि साध्या रेग्युलेटरला तो जोडायचा नाही. बंद स्वयंपाकघरात तर अजिबात नाही. त्याची गरजही नाही.)

आपल्याला आच वाढवता येत नाही. पाणी मात्र कमी करता येतं, आणि खाली जे सांगते आहे ते सगळं त्यासाठीच.

मांस कोणतं आणि कधीचं

एक गोष्ट आधी स्पष्ट करते. चिनी पाककृतीत गोमांस लिहिलेलं असतं. महाराष्ट्रात गाईच्या कत्तलीवर १९७६ च्या कायद्याने बंदी होतीच, २०१५ च्या दुरुस्तीने बैल आणि वळूही त्यात आले. म्हणून आपल्याकडे मोठ्याचं म्हणजे म्हशीचं, रेड्याचं. यात पदार्थ खोटा पडतो असं मानू नका. चिनी भाषेत 'न्यू' या एकाच शब्दात गाय, बैल, म्हैस सगळं येतं. म्हशीला ते 'श्वेइन्यू' म्हणतात, पाण्यातली न्यू. दक्षिण चीनमध्ये भाताच्या खाचरात रेडेच राबायचे, आणि नांगराचं जनावर कापायला तिथल्याही कित्येक राजवटींनी मनाई केली होती.

फरक पडतो तो वयाने. आपल्याकडे बाजारात येणारं जनावर बहुतेक वेळा उतारवयाचं असतं. वय वाढलं की स्नायूंना धरून ठेवणारे पांढरे पडदे आणि शिरा घट्ट होतात. त्या विरघळायला ओलसर उष्णता आणि भरपूर वेळ लागतो. म्हणून कुकरमधला रस्सा मऊ होतो आणि दोन मिनिटांची परतणी होत नाही. परतणीला सगळ्यात चांगला तुकडा म्हणजे अंडरकट: कण्याच्या आतल्या बाजूला चिकटून असलेला लांबट मऊ स्नायू. जनावर त्याच्यावर फारसा जोर देत नाही, म्हणून तो कोवळा राहतो. पण एका जनावरात त्याचे दोनच तुकडे निघतात आणि ते सकाळीच संपतात.

तो नाही मिळाला तर आपल्या भागात एक सोय आहे, जी पुण्यामुंबईच्या लोकांना सहज सुचत नाही. दुकानात गेले की मला विचारतात, "बाजी, सालन का होना क्या पसंदे का?" म्हणजे ताई, रश्श्याचं हवं की पसंद्यांचं, मांसाच्या लांबट चपट्या कापांचं? पसंदे म्हणा. मराठवाडा १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात होता, तेव्हापासून हैदराबादी हात इथल्या खाटकाच्या सुरीत आहे. पसंद्यासाठी मांडीतला बिनहाडाचा, पडदे साफ केलेला सलग तुकडा वापरतात, आणि तोच आपल्याला हवा असतो. फक्त पसंदे कापून घेऊ नका. तुकडा अख्खा घ्या आणि घरी कापा. का, ते पुढे सांगते.

आता वेळेचं. आपल्याला ताज्या मांसाचा अभिमान असतो: पहाटे कापलं, दहाला आणलं, बाराला शिजवलं. रश्श्याला हे चालतं. परतणीला हेच नडतं. कापल्यानंतर काही तासांत स्नायू आखडतात आणि ते आखडणं मोठ्या जनावरात एक-दोन दिवसांनी सुटायला लागतं. दुपारी बारा वाजता तुम्ही नेमकं आखडलेलं मांस कढईत टाकत असता. शनिवारी आणा, कोरडं पुसून, झाकून फ्रिजच्या खालच्या कप्प्यात ठेवा आणि रविवारी करा. एवढ्याने फरक पडतो. फ्रीझरमध्ये गोठवून, लाइट गेल्यावर वितळून पुन्हा गोठलेलं मांस मात्र परतणीसाठी घेऊ नका. बर्फाच्या कणांनी त्याचे धागे फुटलेले असतात आणि तव्यावर पडताच ते सगळं पाणी सोडून देतं.

अख्खा कडबा की कुट्टी

आता सगळ्यात मोठी चूक. माझीही हीच होती आणि ती कळायला मला आजीच्या चान्या, म्हणजे वाळवलेल्या मांसाच्या पट्ट्या, आठवाव्या लागल्या.

आजी चान्या करायची तेव्हा मांसाच्या लांबच लांब पट्ट्या काढायची, धाग्याच्या दिशेने. दोरीवर वाळत घातल्या की त्या तुटत नसत, हातभर लोंबत राहत. चानी टिकण्यासाठी आणि दोरीवर धरून राहण्यासाठी तसंच कापावं लागतं. माझ्या हाताला तेच वळण होतं. परतणीसाठी 'पट्ट्या काप' असं वाचलं की मी चान्यांसारख्याच पट्ट्या काढत होते, फक्त आखूड.

मांसाचा तुकडा उजेडात धरून बघा. एका बाजूने बारीक समांतर रेघा दिसतील, कडब्याच्या पेंढीसारख्या. ते धागे. रेघांच्या दिशेने सुरी चालवली की प्रत्येक पट्टीत अख्खे धागे येतात आणि ते तोडायचं काम दातांवर पडतं. रेघांना आडवी सुरी चालवली की धाग्याचे तीन-चार मिलिमीटरचे तुकडे होतात आणि दातांना फक्त ते सुटे करायचे असतात. गुरांना अख्खा कडबा टाकला की ती बुंधे तसेच सोडून देतात, कुट्टी करून घातली की दावणीत काडी उरत नाही. कडबा तोच असतो. मांसाचीही कुट्टी करा. पसंदे कापून घ्यायचे नाहीत ते याचसाठी: दुकानात ते बहुधा लांब, धाग्याबरोबर कापले जातात.

मऊ मांस सुरीखाली सरकतं, म्हणून तुकडा अर्धा-पाऊण तास फ्रीझरमध्ये ठेवा. बाहेरून ताठ झाला पाहिजे, दगड नाही. मग सुरी जरा तिरकी धरून आडवे काप काढा, जुन्या पाच रुपयांच्या जाड नाण्याएवढे. त्याहून पातळ केले तर रंग येण्याआधीच कोरडे पडतात. काप तर्जनी आणि अंगठ्यात धरून दोन बाजूंना ओढून बघा. सहज फाटला तर दिशा बरोबर आहे. रबरासारखा ताणला तर तुकडा नव्वद अंशात फिरवा आणि पुन्हा कापा. मोठ्या तुकड्यात धाग्याची दिशा मध्येच बदलते, तिथे थांबून परत बघायचं. वर चमकणारा पांढरा पडदा दिसला तर तो सोलून टाका, परतून तो कधीच मऊ होत नाही.

सोडा, आणि चिनी लोक ज्याला शांगज्यांग म्हणतात ते

पसंद्यांना आपल्याकडे कच्ची पपई लावतात. तिच्यातला पपेन मांसातली प्रथिनं तोडतो. भाजायच्या जाड पसंद्याला ती उत्तम. पण तीन-चार मिलिमीटरच्या कापाला पपई लावून ठेवली की वरचा थर पिठूळ होतो आणि कढईत लगदा चिकटतो. मी दोनदा करून पाहिलं, तिसऱ्यांदा करणार नाही.

इथे खाण्याचा सोडा लागतो. पाव किलो कापांना चहाचा पाव चमचा, चमचाभर पाण्यात विरघळवून, हाताने नीट चोळून, पंधरा-वीस मिनिटं. सोड्याने पृष्ठभाग अल्कधर्मी होतो आणि तापल्यावर प्रथिनं एकमेकांना घट्ट आवळत नाहीत. आवळली नाहीत की आतलं पाणी पिळून निघत नाही. हात फिरवताना काप आधी खरखरीत लागतात, मग बुळबुळीत व्हायला लागतात. झालं म्हणून समजा. पाव चमच्याहून जास्त घातला किंवा धुतला नाही तर साबणासारखी चव येते. पापडखार यासाठी नको, तो प्रमाणात धरणं अवघड. इनोही नको, त्यात सायट्रिक आम्ल असल्यामुळे सोड्याचं काम तिथेच संपतं.

मग दोन पाण्यांनी धुवा आणि पिळा. पिळा म्हणजे खरंच पिळा, मुठीत धरून, आणि नंतर जुन्या सुती पंच्यावर पसरून वरून दाबा. पंचा ओला झाला की बाजू बदला. फोटोतलं निम्मं पाणी हे धुतल्यावर न काढलेलं पाणी असतं.

त्यानंतर पुन्हा पाणी घालायला सांगितलं तर विचित्र वाटेल, पण तसंच करायचं. पिळलेल्या कापांना एक चमचा सोया सॉस, चिमूटभर मिरपूड आणि दोन चमचे पाणी घालून हाताने एकाच दिशेने फिरवत राहा, पाणी दिसेनासं होईपर्यंत. मग दोन चमचे कॉर्नफ्लॉवर. शेवटी एक चमचा तेल. हे सगळे चहाचे चमचे. याला चिनी स्वयंपाकात शांगज्यांग म्हणतात, म्हणजे लेप चढवणं. मोकळं पाणी कढईत सुटतं. कापात मुरलेलं आणि वरून कॉर्नफ्लॉवरने कोंडलेलं पाणी आत राहतं आणि मांस रसाळ ठेवतं. वाडग्याच्या तळाशी दुधाळ पाणी साचलेलं दिसलं तर लेप बसलेला नाही. अजून चिमूटभर कॉर्नफ्लॉवर घाला आणि फिरवा. हा लेप भज्यासारखा जाड नसतो, काप नुसते ओलसर चकाकतात. मंचुरियनच्या सवयीने पुष्कळ जण इथे घट्ट पीठ करतात आणि ते तळाला धरतं.

परभणीच्या मे महिन्यात हे सगळं ओट्यावर ठेवून मुरवू नका. वाडगा फ्रिजमध्ये ठेवा, कढईत टाकायच्या दहा मिनिटं आधी बाहेर काढा.

कढई

लोखंडी कढई किंवा भाकरीचा लोखंडी तवा. नॉनस्टिक नको: या पदार्थाला कोरडं भांडं कडक तापवावं लागतं आणि नॉनस्टिकचा थर २६० अंशांच्या पुढे बिघडायला लागतो, धूरही घातक. इंडक्शनवर करणाऱ्यांनी सपाट बुडाचा बिडाचा तवा घ्यावा आणि तो सावकाश, पाच-सहा मिनिटं तापवावा.

किती तापला हे भाकरी करणाऱ्याला सांगावं लागत नाही. पाण्याचा थेंब टाकला की तो चुर्र करून जागेवर विरला तर अजून वेळ आहे. थेंबाची गोळी होऊन ती तव्यावरून पळत सुटली की तेल घाला. घाण्यावरचं करडईचं तेल मला चटणीवर फार आवडतं, पण इथे ते लगेच धुरकटतं आणि कडू लागतं. रिफाइंड शेंगदाणा किंवा सोयाबीन घ्या.

आता पाव किलोचा एक घाणा, त्याहून जास्त नाही. अर्धा किलो असेल तर दोन घाणे, मध्ये कढई पुन्हा तापू द्यायची. काप सुटे सुटे पसरवा आणि उलथनं खाली ठेवा. तीस-चाळीस सेकंद हात लावायचा नाही. ही सगळ्यात अवघड पायरी आहे, कारण आपला हात सुक्क्या मटणाच्या सवयीने सतत परतत राहतो. आवाज ऐका. चरचर कोरडी आणि जोरात असेल तर ठीक. आवाज खाली बसून बुडबुड ऐकू आली की पाणी सुटलं. तळाची बाजू तपकिरी झाली की उलटा, अजून वीस-तीस सेकंद, आणि एखादी कड अजून लालसर दिसत असतानाच ताटात काढा. सॉसमध्ये परत टाकल्यावर ते पूर्ण शिजणारच आहेत.

भाज्या वेगळ्या, त्याच कढईत, मांसानंतर. धुतलेली शिमला मिरची आणि कांद्याची पात पुसून घ्या. आलं-लसणाची पेस्ट वापरू नका, तिच्यात पाणी असतं आणि ती कढईला चिकटून जळते. पातळ चिरलेलं आलं आणि ठेचलेला लसूण पुरे.

सॉसबद्दल फार बोलत नाही. एक मोठा चमचा सोया सॉस, अर्धा चमचा साखर, थोडं व्हिनेगर, तीन मोठे चमचे पाणी, एक चमचा कॉर्नफ्लॉवर, सगळं आधीच वाटीत. मीठ नको, सोयात पुष्कळ असतं. येसर, म्हणजे रश्श्याला लावायचं मसाल्याचं पीठ, पाण्यात कालवून ठेवली की तळाला बसते तसं कॉर्नफ्लॉवरही बसतं, म्हणून ओतायच्या क्षणी वाटी ढवळा. कढईच्या कडेने ओता, मध्यभागी नाही. मांस परत टाका, अर्ध्या मिनिटात सॉस चकाकायला लागतो, गॅस बंद. भात आधीच झालेला असू द्या. ही परतणी वाट बघत नाही.

मध्येच बिघडलं तर

पाणी सुटलेलं दिसताच आच वाढवून परतत बसू नका. झाऱ्याने मांस लगेच ताटात काढा. पाणी एका वाटीत ओतून घ्या, ते फेकू नका, सॉसमध्ये साध्या पाण्याऐवजी तेच घाला. कढई पुसा, पुन्हा तापवा, नवं तेल, आणि मांस दोन भागांत, प्रत्येकी वीस सेकंद. रंग पूर्ण येणार नाही, पण जबडा दुखणार नाही.

सगळं करूनही काप चामड्यासारखे लागले तर तो तुकडाच परतणीचा नव्हता. अजून परतलं तर आणखी वातड होईल. सॉससकट कुकरमध्ये घाला, दीड वाटी पाणी, दोन चक्रीफुलं, आल्याचा तुकडा, आणखी चमचाभर सोया, साखर, आणि बारीक आचेवर पंचवीस-तीस मिनिटं. जून मांसाचं चिनी लोकही असंच करतात, त्याला होंगशाओ म्हणतात, सोयात लालसर रटरटवलेलं. पुण्याहून मागच्या महिन्यात आलेला फोटो त्याचाच होता. नूडल्सवर दाट रस्सा, आणि खाली लिहिलेलं: "मावशी, हा तुकडा मानेचा निघाला."